६०२ वर रात्रभर बोलणाऱ्या या बाई कोण?

रातवा | सोमवार, रात्री ११:५०

गेल्या अकरा रात्री मी एकाच आवाजाच्या मागे आहे. आता एकट्याच्याने होत नाही, म्हणून धागा काढतोय.

मीडियम वेव्हवर ६०२ किलोहर्ट्झ. रात्री नऊनंतर कधीही लावा, एक बाई बोलत असतात. मधे थोडं संगीत, की पुन्हा त्याच बाई. भाषा ओळखीची नाही. आवाज बारीक आहे पण अगदी स्थिर, आणि त्याच्या अंगावर एक शिट्टी आहे. ती मात्र कधी वाढते, कधी मिनिटभर पार ओसरते आणि परत येते. तास भरत आला की मी रेडिओ कानाला लावून बसतो, कारण बहुतेक केंद्रं आपलं नाव तेव्हाच सांगतात. बाई काहीतरी म्हणतात, त्यात नाव असणारच, आणि शिट्टी नेमकं तेवढंच खाऊन टाकते.

रेडिओ हातात मावणारा, आकडे दाखवणारा, एकेक किलोहर्ट्झने सरकणारा. वीसेक वर्षं जुना आहे. बाहेरची एरियल नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिवसा हाच रेडिओ लावला तर जवळची दोन-तीन केंद्रं लागतात, बाकी सगळी खरखर. सूर्य मावळला की पट्टा हळूहळू भरायला लागतो. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर उन्हामुळे हवेचा एक थर विद्युतभारित होतो, त्याला डी थर म्हणतात. मध्यम लहर त्यात शिरली की तिथले इलेक्ट्रॉन हलायला लागतात, आसपासच्या रेणूंवर आपटतात, आणि लहरीची ताकद तिथेच उष्णता होऊन संपते. ऊन गेलं की हा थर विरतो. मग तीच लहर आणखी वर ई आणि एफ थरांपर्यंत पोचते, तिथून वाकते आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर जमिनीला परत येते. केंद्र तेच, रेडिओही तोच. मधला पडदा तेवढा बाजूला झालेला असतो.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शाळेत होतो. एका रात्री वीज गेली, आणि सेलवरच्या रेडिओतली रोजची खरखर एकदम थांबली. त्या शांततेत कुणीतरी परक्या भाषेत सावकाश आकडे वाचत होतं. हवामान असेल, भाव असतील. मी वीज परत येईपर्यंत ऐकत बसलो होतो. अजूनही त्या आकड्यांसाठीच बसतो म्हणा ना.

तर ६०२. कुणी ओळखतं का?

खलाशी | मंगळवार, पहाटे १२:२५

मी ओळखत नाही, पण धागा वाचतोय. जहाजावर असताना मागच्या बंदराचं केंद्र किती दिवस साथ देतं ते बघायचो. केबिनमध्ये काही लागायचं नाही, चारी बाजूंनी लोखंड. पाळी संपली की रेडिओ घेऊन डेकवर, दिव्यांपासून लांब. समुद्रावर जमिनीलगतची लहर फार लांब जाते, खारं पाणी तिला कमी खातं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते केंद्र संपलेलं असायचं. रात्री मात्र तेच केंद्र चौथ्या-पाचव्या रात्रीही भेटायचं. जहाज दिवसाला सहाशे-साडेसहाशे किलोमीटर जातं, म्हणजे हिशेब करा.

नवशिका | मंगळवार, सकाळी ७:१५

एक शंका. रात्री केंद्रं ताकद वाढवतात असं मला वाटत होतं. तसं नसतं का?

उत्तररात्र | मंगळवार, सकाळी ९:४०

नवशिका, बऱ्याचदा उलटंच असतं. अमेरिकेत कितीतरी केंद्रांना सूर्य मावळला की ताकद कमी करावी लागते, काहींना तर बंदच व्हावं लागतं. कारण रात्री त्यांची लहर दुसऱ्या राज्यातल्या त्याच आकड्यावरच्या केंद्राच्या डोक्यावर जाऊन बसते. ज्यांना रात्रभर पूर्ण ताकद लावता येते त्यांनाही ५० किलोवॉटची मर्यादा आहे. ती ओलांडल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू हे केंद्र १९३४ ते १९३९ या काळात ७०० किलोहर्ट्झवर ५०० किलोवॉटने बोलत होतं.

रातवा, मी मूल लहान असताना ऐकायला लागले. रात्री तीनला दूध पाजायला उठायचं, मग तासभर झोप नाही. एका कानात इअरफोनचं बोंडूक, दुसरा कान बाळाकडे. तेव्हा कळलं की उत्तररात्र आणि पूर्वरात्र यांचे पट्टे वेगळे. संध्याकाळी आधी पूर्वेकडची केंद्रं येतात, कारण तिकडे अंधार आधी झालेला असतो. पहाटे पूर्वेकडची एकेक करून बुडतात आणि पश्चिमेकडची शेवटपर्यंत राहतात. आणि अगदी उजाडायच्या सुमाराला काही मिनिटं अशी येतात, की रात्रभर कण्हत असलेलं केंद्र एकदम शेजारच्या खोलीत आल्यासारखं बोलतं. मग दहा-पंधरा मिनिटांत संपतं. त्या मिनिटांसाठी मी आजही गजर लावते. तुमच्या बाई पहाटे किती वाजता जातात ते बघा. त्यावरून दिशा कळेल.

अनुनाद | मंगळवार, दुपारी १:०५

रातवा, तीन प्रश्न. उत्तरं द्या, मग बोलू.

एक, बाईंचा आवाज कमी-जास्त होतो का? शिट्टीचं विचारत नाही, बाईंचं विचारतोय.

दोन, रेडिओ जागच्या जागी गोल फिरवला तर काय होतं?

तीन, ६०२ च का? तुमच्या रेडिओवरची बाकीची केंद्रं कुठे बसतात ते एकदा लिहून काढा. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया इथल्या मध्यम लहरींच्या जागा १९७५ च्या जिनिव्हा करारात ठरल्या आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाल्या. त्या सगळ्या नऊच्या पाढ्यात आहेत. ५३१, ५४०, ५४९, असं करत १६०२ पर्यंत. खूण सोपी आहे. आकड्यांची बेरीज करत जा, शेवटी नऊ आलं पाहिजे. ६०३ ची येते. ६०२ ची आठ येते. अमेरिका खंडात दहाचा पाढा चालतो, ५३० पासून १७०० पर्यंत, त्यातही ६०२ नाही.

म्हणजे जगात कुठेच नसलेल्या जागी तुमच्या बाई बोलतायत.

नवशिका | मंगळवार, दुपारी १:३०

नऊच्या बेरजेची खूण आवडली. आत्ता डबा खाताना आठवतील तेवढ्या आकड्यांची करून पाहिली.

रातवा | मंगळवार, रात्री १०:४८

अनुनाद, तुमचे प्रश्न समोर ठेवून आज बसलो.

आवाज हलत नाही. पंचवीस मिनिटं घड्याळ लावून ऐकलं. बाकी केंद्रं श्वास घेतल्यासारखी वर-खाली होतात, या बाई भिंतीसारख्या.

रेडिओ फिरवला तर एका जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ती जागा फार अरुंद आहे, बोटभर हलवलं की बाई परत.

बाकी केंद्रं सगळी नऊच्या पाढ्यात. ६०२ एकटंच बाहेर.

खरं सांगू का, उत्तरं लिहितानाच पोटात खड्डा पडलाय.

अनुनाद | मंगळवार, रात्री ११:२०

खड्डा पडला म्हणजे तुम्हाला कळलंय. तरी कारण नीट सांगतो, कारण हे ज्याला एकदा समजलं तो पुन्हा फसत नाही.

तुमच्यासारख्या रेडिओत येणारी प्रत्येक लहर आधी एका ठरलेल्या आकड्यावर उतरवली जाते, बहुतेक ४५५ किलोहर्ट्झवर. त्यासाठी रेडिओ आत स्वतःची एक लहर तयार करतो. तुम्ही ६०२ लावलं की आतली लहर १०५७ ची होते, आणि १०५७ मधून ६०२ वजा जाता ४५५ उरतात. आता असा विचार करा, की १५१२ वर एखादं दांडगं केंद्र आहे. १५१२ मधून १०५७ वजा करा. पुन्हा ४५५. रेडिओच्या पोटातल्या गाळणीला दोन्ही सारखेच दिसतात. पुढच्या दाराशी १५१२ ला अडवायचं असतं, पण केंद्र जवळचं आणि रेडिओ लहान असेल तर ते थोडं आत शिरतंच. याला इमेज म्हणतात. खऱ्या जागेपासून बरोबर ९१० किलोहर्ट्झ खाली.

जवळचं केंद्र म्हणून आवाज हलत नाही. जवळचं म्हणूनच फिरवल्यावर मरण्याची जागा इतकी अरुंद. आकाशातून येणारी लहर अशी सहज मरत नाही, तिची वरून येणारी दिशा सारखी डगमगत असते.

तुमच्या आसपास १५१२ वर काही आहे का बघा. नव्या डीएसपी रेडिओत, म्हणजे लहरीचे आकडे करून चिपमध्ये हिशेब करणाऱ्या रेडिओत, गणित वेगळं असतं, तिथे हा प्रकार असाच होत नाही. आणि काही रेडिओंत ४५५ ऐवजी ४५० असतात. त्यात इमेज ९०० खाली पडते, म्हणजे १५१२ ची ६१२ वर, आणि ६१२ नऊच्या पाढ्यात आहे. तो रेडिओ तुमच्याकडे असता तर वर्षभर कळलं नसतं. तुमचं नशीब चांगलं.

रातवा | बुधवार, पहाटे १:१०

पलंगावर दोन रेडिओ मांडले. एक ६०२ वर, दुसरा जुना काट्याचा, १५०० च्या थोडा पुढे. काट्याच्या रेडिओवर ते केंद्र एवढ्या जोरात लागलं की आवाज कमी करावा लागला. परदेशांसाठीचे कार्यक्रम असावेत, म्हणून तिकडे मी कधी थांबलोच नव्हतो. दोन्ही रेडिओ मधे हातभर अंतर ठेवून ऐकले. बाईंनी श्वास घेतला, दोन्हीकडे एकदम. संगीत सुरू झालं, दोन्हीकडे एकदम.

अकरा रात्री. वहीत अकरा नोंदी आहेत, प्रत्येकीपुढे 'फार दूरचं?' असं लिहिलंय.

धागा इथेच थांबवावा म्हणतो. सगळ्यांचे आभार.

खलाशी | बुधवार, सकाळी ६:३०

थांबवू नका हो. तुम्ही घड्याळ लावून ऐकलंत, फिरवून पाहिलंत, दोन रेडिओ मांडलेत. नुसतं ऐकणारा एवढं करत नाही.

डिसेंबर १९२१ ची गोष्ट आठवली. अमेरिकेतल्या हौशी मंडळींची छोटी प्रक्षेपकं अटलांटिकपलीकडे ऐकू येतात का हे बघायला त्यांनी पॉल गॉडली नावाच्या माणसाला मुद्दाम स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रॉसनच्या किनाऱ्यावर, थंडीपावसात, तंबूत रेडिओ, बाहेर खांबांवर शेकडो मीटर लांब तार. तो रात्ररात्र बसला. कनेक्टिकटमधल्या १बीसीजी या केंद्राचा पूर्ण संदेश त्याने उतरवून घेतला. तेव्हा दोनशे मीटरच्या आसपासच्या त्या लहरी दूर जाण्याच्या कामाच्या नाहीत असं शहाणी माणसं म्हणत होती. तिथेही प्रश्न हाच होता की ऐकलं ते कुणाचं. केंद्राची अक्षरं कानावर पडली तरच नोंद.

शून्यबिंदू | बुधवार, सकाळी ८:०५

सगळ्यांना एक विचारू? शिट्टी कुणाची?

रातवा यांनी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय, शिट्टी वाढते, ओसरते, परत येते. बाई हलत नाहीत, शिट्टी हलते. दोन लहरी जवळजवळ आल्या की त्यांच्यातल्या फरकाएवढा सूर ऐकू येतो. इमेज ६०२ वर बसलीय. तिच्याशी एक किलोहर्ट्झचा सूर कोण धरेल? ६०३ वर बसलेलं केंद्र धरेल. आणि ते केंद्र वर-खाली होतंय, म्हणजे आकाशातून येतंय.

अकरा रात्री तुम्ही ज्याला अडथळा समजत होतात तेच तुमचं दूरचं केंद्र आहे.

उत्तररात्र | बुधवार, सकाळी ८:२०

अंगावर काटा आला.

अनुनाद | बुधवार, सकाळी ९:००

शून्यबिंदू, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बाईंच्या मागे लागलो आणि शिट्टी सोडून दिली. मानलं.

शून्यबिंदू | बुधवार, सकाळी ११:४५

आता काम सांगतो.

पहिलं म्हणजे फिरवणं. रेडिओच्या आत काळी फेराइटची दांडी असते, मीडियम वेव्हची एरियल तीच. केंद्र दांडीच्या आडव्या बाजूला असलं की आवाज सगळ्यात मोठा, टोकाच्या रेषेत आलं की पडतो. १५१२ चं केंद्र जवळ आहे, त्यामुळे ते चांगलं मारता येईल. दिवसाउजेडी एकदा त्याची रेषा शोधा आणि कट्ट्यावर खडूने आखून ठेवा. रात्री रेडिओ त्या रेषेवर ठेवायचा, ६०३ लावायचं आणि हात काढून घ्यायचा. हाताने धरल्यावरही फरक पडतो.

दुसरं, वेढ्यांची एरियल करा. दोन लाकडी पट्ट्यांचा फुलीसारखा सांगाडा, चौकोनाची बाजू साधारण ६० सेंटिमीटर. त्यावर लेपाच्या तारेचे बारा-तेरा वेढे. तारेची दोन टोकं एखाद्या मेलेल्या ट्रान्झिस्टरमधून काढलेल्या गँगला, म्हणजे केंद्र लावायच्या फिरत्या पात्यांच्या कंडेन्सरला, जोडा. बस. रेडिओला तार जोडायची नाही, नुसता चौकटीजवळ ठेवायचा, दांडी वेढ्यांच्या पोटातून आरपार जाईल अशा दिशेने. रेडिओ ६०३ वर ठेवून गँग सावकाश फिरवा. एका जागी खरखर अचानक फुगेल, अगदी नखभर जागेत. तिथे थांबा. गँग पूर्ण मिटूनही ती जागा खालच्या आकड्यांना सापडली नाही तर एखादा वेढा वाढवा, पूर्ण उघडूनही वरच्यांना सापडली नाही तर कमी करा.

यात दोन फायदे. दूरचं केंद्र वाढतं. आणि चौकट ६०३ ला जुळलेली असल्यामुळे १५१२ ला ती काही मदत करत नाही. इमेज मागे पडते.

दूरश्रोता | बुधवार, दुपारी ३:१०

एवढा खटाटोप कशाला? इंटरनेटवर कितीतरी रिसीव्हर खुले आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा तर २००८ पासून आहे. तिथल्या एरियलवर ६०३ लावा, काय लागतंय ते पाच मिनिटांत कळेल. किंवा छोटा एसडीआर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारा रेडिओ, घ्या, संगणकाला लावा. अख्खा मीडियम वेव्हचा पट्टा तासाच्या ठोक्याच्या आधी दोन मिनिटं आणि नंतर तीन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. सकाळी एकेक आकड्यावर जाऊन नाव ऐका. मी असंच करतो, झोपही पूर्ण होते.

उत्तररात्र | बुधवार, दुपारी ४:००

एसडीआरचं पटतं, कारण तो आपल्या खिडकीतच असतो. मी पण आता तेच करते.

दुसऱ्या गावच्या रिसीव्हरचं मात्र नाही पटत. तिथे ऐकलं ते तिथल्या एरियलने ऐकलं. माहिती म्हणून ठीक आहे, मी पण आवाज जुळवून बघायला वापरते. पण रातवांच्या खिडकीपर्यंत काय पोचतं, हा प्रश्न त्या रिसीव्हरला कसा सुटणार? वहीत लिहायचंच झालं तर वेगळ्या पानावर लिहावं.

दूरश्रोता | बुधवार, दुपारी ४:२५

वेगळं पान मान्य. माझी वही एकच आहे खरी, आज दोन करतो.

अनुनाद | बुधवार, संध्याकाळी ५:५०

रातवा, रात्री बसण्याआधी घरातला आवाजही शोधा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा डबा, सगळ्यांच्या पोटात झटपट उघडझाप करणारे पुरवठे असतात आणि ते थेट मीडियम वेव्हवर ओरडतात. रेडिओ सेलवर ठेवा, एखाद्या मोकळ्या आकड्यावर लावा आणि घरभर फिरा. जिथे खरखर वाढते तिथे काहीतरी आहे. माझ्याकडे महिनाभर एक भणभण होती. ती निघाली एका रिकाम्या चार्जरची, फोन न लावता भिंतीत खुपसून ठेवलेला. तुमच्या शाळेतल्या त्या रात्री वीज गेल्यावर पट्टा का उघडला, ते यातच आहे.

आणि ६०३ लागलं, की आवाज मधेच बादलीतून आल्यासारखा फाटेल. घाबरून बटणं फिरवू नका. ६०३ ची लहर साधारण ४९७ मीटर लांबीची. दोन वाटांनी आलेल्या लहरींच्या प्रवासात अडीचशे मीटरचा फरक पडला तरी त्या एकमेकींना खोडतात, आणि वरचे थर तर सतत हलत असतात. मधली वाहक लहर, म्हणजे जिच्यावर आवाज बसवलेला असतो ती, खोडली गेली आणि बाजूचा आवाज उरला, की रेडिओ गोंधळतो. तीस-चाळीस सेकंद थांबलं की बहुतेक परत येतं.

नवशिका | बुधवार, संध्याकाळी ६:३०

दोन केंद्रं एकावर एक ऐकू आली तर दरवेळी इमेजच समजायची का?

अनुनाद | बुधवार, संध्याकाळी ७:०५

नाही. बहुतेकदा ती एकाच आकड्यावरची दोन खरी केंद्रं असतात, रात्री हे चालायचंच. रेडिओ फिरवून एक कमी करा, दुसरं वर येईल.

एक फार सुंदर अपवाद आहे. १९३३ मध्ये नेदरलँड्समध्ये टेलेगेन हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत होते, आणि त्याच्या मागे त्यांना लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला. दोन्हींचे आकडे अगदी वेगळे. रेडिओत दोष नव्हता. लक्झेंबर्गच्या दांडग्या प्रक्षेपकाने वरच्या थरातले इलेक्ट्रॉन तापत होते, त्याच्या आवाजाबरोबर कमी-जास्त तापत होते, आणि तिथून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्राच्या लहरीवर त्याचा ठसा उमटत होता. म्हणजे मिसळ आकाशातच झाली होती. त्याला आजही लक्झेंबर्ग परिणाम म्हणतात.

खलाशी | बुधवार, रात्री ८:१५

त्या लक्झेंबर्गच्या १४४० वर मी किती रात्री काढल्यात. ३१ डिसेंबर २०१५ ला ते बंद झालं. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकची मध्यम लहरीवरची केंद्रंही त्याच रात्री गेली. प्रक्षेपक चालवायला वीज फार लागते, ऐकणारे दुसरीकडे गेले, कारणं कळतात. तरी ओळखीच्या आकड्यावर जाऊन नुसता श्वास ऐकू येणं वाईट वाटतं.

उत्तररात्र | बुधवार, रात्री ८:४०

वाटतंच. पण दादा, त्या जागी थोडं थांबून बघा. दांडगं केंद्र गेलं की त्याच्या खाली इतकी वर्षं दबलेलं कुणीतरी वर येतं. मला अशी तीन केंद्रं मिळालीत, सगळी बंद पडलेल्यांच्या जागी.

रातवा | शनिवार, रात्री ११:३५

तीन दिवस गेले चौकट करण्यात. बारा वेढ्यांवर जमलं. गँग माझ्या त्या पहिल्या रेडिओची निघाली, तो कधीच बोलायचा बंद झाला होता पण टाकवला नव्हता.

दुपारी १५१२ ची रेषा खडूने आखली. चार्जर काढले, दिवा बंद केला. सवा दहाला गँग फिरवायला घेतली. खरखर फुगते म्हणजे काय ते हाताला कळतं, बोटाखाली काहीतरी भरून येतं. मग चौकट आणि रेडिओ दोन्ही मिळून खडूच्या रेषेवर आणले. बाई गेल्या. शिट्टीही गेली. मी समजलो की सगळंच गेलं.

मग एक पुरुष बोलायला लागला.

सावकाश, खालच्या आवाजात, जणू त्यालाही घरच्यांना उठवायचं नव्हतं. दोन मिनिटं स्वच्छ, मग बादली, मग काही नाही, मग परत तो. मी हात मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. अकराला काही सेकंद असताना आवाज वर चढला. तासाच्या ठोक्याच्या टिपा ऐकल्या, पाच मोजल्या, सहावी बुडाली. त्यानंतर तो जे म्हणाला त्यातलं पहिलं अक्षर 'रा' होतं, रेडिओचं असणार, आणि पुढे सगळं फाटलं. परत आला तेव्हा बातम्या सुरू होत्या.

रेकॉर्डिंग आहे. नाव नाही.

शून्यबिंदू | शनिवार, रात्री ११:४१

भाषा?

रातवा | शनिवार, रात्री ११:४६

कळली नाही. शब्दांचे शेवट बहुतेक स्वरांवर होतात एवढंच सांगू शकतो. दूरश्रोता म्हणतात तसं बाहेरच्या रिसीव्हरवर ६०३ लावून बघितलं, तिथे दुसरंच कुणीतरी होतं. अंदाजाने एक-दोन नावं सुचतायत. पण लिहीत नाही.

अनुनाद | शनिवार, रात्री ११:५५

अंदाज लिहू नका. नाव कानावर पडेपर्यंत नोंद अनोळखी. मात्र नोंद पूर्ण करा. वेळ जागतिक वेळेत, सिनपोचे, म्हणजे ऐकू येण्याच्या दर्जाचे, पाच आकडे, आणि कार्यक्रमात काय काय आलं ते मिनिटामिनिटाने. उद्या नाव मिळालं तर याच तपशिलावर केंद्राला पत्र लिहिता येतं. नुसतं 'तुमचं केंद्र ऐकलं' म्हणून पत्र पाठवलं तर ते कशावरून मानतील? एका केंद्राला मी असं त्रोटक पत्र पाठवलं होतं, दोन वर्षं उत्तर नाही. नंतर तपशील घालून पाठवलं, तर ऐकल्याची पावती म्हणून कार्ड आलं.

उत्तररात्र | रविवार, पहाटे ४:५०

मी उठलेच होते, म्हणून माझ्याकडे ६०३ लावून बघितलं. दोन केंद्रं एकमेकांत आहेत, तुमचे गृहस्थ त्यात आहेत की नाही सांगता येत नाही. रातवा, जागे असाल तर आत्ता बसा. उजाडायला वेळ आहे.

रातवा | रविवार, सकाळी ७:२०

जागा होतो. वहीतलं पान तसंच उतरवतो.

रविवार, पहाट. ६०३. वेढ्यांची एरियल, खडूच्या रेषेवर. ४:५८ ला तोच पुरुष, क्षीण. ५:०० ला टिपा ऐकल्या, सहाच्या सहा. नंतर तंतुवाद्याचे चार स्वर, शेवटचा खाली उतरणारा, मग बोलणं. नाव असावं, दोन शब्द, दुसरा लांब. ५:१२ पासून संगीत. ५:३१ ला आवाज सगळ्यात मोठा, रेडिओ कानापासून लांब धरला तरी शब्द सुटे. ५:४० ला बादली. ५:४६ ला फक्त वाहक लहर. ५:५२ ला काही नाही. सिनपो उत्तम असताना ३-३-३-२-३.

केंद्र: अनोळखी.

आधीच्या अकरा नोंदींपुढचं 'फार दूरचं?' खोडून '१५१२ ची इमेज' लिहिलं, आणि प्रत्येक नोंदीत शिट्टी किती वाजता होती ते आठवेल तेवढं भरलं. ते चार स्वर कुणाच्या ओळखीचे असतील तर सांगा. रेकॉर्डिंग इथे चढवतोय.